वाटीभर वरण आणि घोटभर पाणी

बडोदे,
५ डिसेंबर

प्रिय मंगल,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. चार पानं भरून प्रश्न, आणि शेवटी एवढंच, की अर्धी वाटी वरण संपत नाही आणि रात्री स्वप्नात कचोरी येते. वाचून जीव कळवळला. आज तुझ्या वजन कमी करायच्या ऑपरेशनला २३ दिवस झाले. हाच काळ सगळ्यात अवघड असतो. दवाखान्यातली माणसं आता आजूबाजूला नाहीत, टाके भरत आलेत, घरच्यांना वाटतंय की झालं सगळं, आणि खाण्याचं कोडं मात्र आत्ताच सुरू झालंय. म्हणून हे पत्र लांबलं तर लांबू दे. सावकाश वाच आणि स्वयंपाकघरात ठेव.

आधी पोटात काय बदललंय ते नीट समजून घे, म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत. तुझी स्लीव्ह झाली आहे. जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढलाय आणि उरलीय ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर मावतं. जो फुगीर भाग गेला, तोच जेवताना सैल होऊन जागा करून द्यायचा, आणि भूक चेतवणारं घ्रेलिनही मुख्यतः तिथेच तयार व्हायचं. म्हणून आत्ता तुला भूकच जाणवत नाही. ती पुढे हळूहळू थोडी परत येईल. तोपर्यंत भुकेची वाट बघत बसलीस तर दिवस उपाशी जाईल, तेव्हा घड्याळ बघून खायचं.

तुझ्या खोलीतल्या त्या दुसऱ्या बाईंचा तक्ता तू उतरवून घेतलास असं लिहितेस. तो बाजूला ठेव. त्यांचं जठराचं बायपास झालंय. त्यांची पिशवी जेमतेम ३० मिलिलिटरची असते आणि अन्न तिथून थेट लहान आतड्यात उतरतं. गोड खाल्लं की दहा ते तीस मिनिटांत त्यांना धडधड, घाम, पोटात कळा आणि जुलाब होऊ शकतात. तुझ्या जठराची खालची झडप शाबूत आहे, त्यामुळे तुला हा त्रास त्यामानाने कमी होईल. त्याची दुसरी बाजू अशी की गोड तुला अडवणार नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता पाणी. पहिल्या महिन्यात माणसं परत दवाखान्यात भरती होतात ती पुष्कळदा पाणी कमी पडल्यामुळे. दिवसाला दीड लिटर हवंच. तू पूर्वीसारखा पेला तोंडाला लावलास तर छातीत कळ येणारच. औषधाच्या बाटलीवर ३० मिलिलिटरचं जे टोपण येतं ते घे. एक टोपण दहा मिनिटांत, घोट घोट करून. या हिशेबाने दीड लिटरला आठ तासांहून थोडं जास्त लागतं, म्हणजे सकाळी सहाला सुरुवात केलीस तर जेवणांची सुट्टी धरूनही रात्रीपर्यंत जमतं. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या भरून ठेव, पहिली अकरापर्यंत, दुसरी चारपर्यंत, तिसरी नऊपर्यंत. या थंडीत कोमट पाणी सोसतं. स्ट्रॉ नको, हवा आत जाते. सोडा, कोल्ड्रिंक अजिबात नको. लघवी गडद पिवळी दिसली, उठताना चक्कर आली, तर पाणी कमी पडतंय.

आणि खाताना पाणी नाही. खाण्याआधी पंधरा मिनिटं थांबवायचं आणि खाऊन झाल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करायचं. आत्ता याचं कारण जागा: नळी अन्नाने भरलेली असताना वरून पाणी ओतलं की ते उलटून येतं. सहा महिन्यांनी कारण बदलतं. तेव्हा पाणी अन्न पातळ करून लवकर पुढे ढकलतं, पोट रिकामं वाटतं आणि हात परत डब्याकडे जातो. आपल्याकडे ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवायची रीत आहे. तुझ्या पानाशी ते ठेवूच नका म्हणून घरात सांग.

वरणाचा प्रश्न तुझ्या पत्रात तीनदा आलाय, म्हणून तो सविस्तर लिहिते. तुझ्या सासूबाई मायेने डाळीचं वरचं पाणी गाळून देतात, हलकं म्हणून. पहिल्या आठवड्यात ते ठीक होतं. पण डाळीची प्रथिनं खाली गाळात राहतात. वरच्या पाण्यात चव, मीठ आणि नावाला ताकद. तुला रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतील, थकवा जाणार नाही आणि पुढे केसांवर येईल. २५ ग्रॅम मुगाची डाळ कोरडी मोजून घे, त्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. हळद, हिंग घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या दे, मग गाळासकट मिक्सरमधून काढ. चमचा तिरपा केला की थबकत पडेल इतकं दाट ठेव. पाणी घालून वाटीभर केलंस तर पोट भरेल आणि प्रथिनं तेवढीच राहतील. फोडणी नको, लाल तिखट नको, तूप अर्धा चमचा चालेल.

६० ग्रॅमचा हिशेब असा बसतो. टोन्ड दूध दिवसभरात ४०० मिलिलिटर, त्यात १३. व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतली प्रथिनं) पावडरचा एक स्कूप, बहुतेक डब्यांत २४ च्या आसपास, तो दोन वेळांत विभागून. दही १०० ग्रॅम, साधारण साडेतीन. मऊ पनीर ४० ग्रॅम दुधात वाटून, ७. एक अंडं मऊ उकडून कुस्करलेलं, ६. आणि वर सांगितलेली डाळ, ६. झाले साठ. पावडर उकळत्या दुधात घालू नकोस, गुठळ्या होऊन ती फुटते. दूध कोमट झालं की दोन चमचे दुधात आधी पेस्ट कर, मग बाकीचं ओत. दूध प्यायल्यावर गॅस, मुरडा जाणवला तर आठवडाभर दुधाऐवजी दही आणि ताक घे. ऑपरेशननंतर काहींना दूध पचेनासं होतं आणि पुष्कळदा काही महिन्यांनी पुन्हा सोसायला लागतं. दह्याचा चक्का बांधून घेतलास तर कमी जागेत जास्त प्रथिनं बसतात. साखर न घालता, वेलची पूड घालून बघ, तुला आवडेल.

एका वेळी ६० ते ८० मिलिलिटर, म्हणजे देवाच्या नैवेद्याची वाटी. दिवसात सहा वेळा. वीस ते तीस मिनिटं लाव, त्याहून जास्त नको. वाटीत उरलं तर उरू दे. पानात टाकू नये ही शिकवण आपल्या हाडामासात आहे, म्हणून आधीच कमी वाढून घे.

थांबायचं कधी, हे तू विचारलंस. जुन्या पोटाला भरल्याचं कळायला ताण पडावा लागायचा. आता त्याआधीच वेगळ्या खुणा दिसतात: एखादी उचकी, शिंक, अचानक नाक वाहू लागणं, छातीच्या हाडामागे घट्टपणा. पहिली खूण आली की चमचा खाली. त्यापुढचा एक घास नेमका त्रास देतो. घास अडकलाच तर तोंडात फेसाळ लाळ येऊ लागेल. ती गिळू नकोस, थुंक. वरून पाणी ओतून घास ढकलायचा प्रयत्न करू नकोस. उठून घरातल्या घरात चाल. बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात मोकळं होतं. अडकायची कारणं तीनच: घाई, मोठा घास, कोरडं अन्न.

पाचव्या आठवड्यापासून, तुझ्या सर्जननी हो म्हटल्यावर, मऊ अन्न. मुगाची पातळ खिचडी (डाळ तांदळाच्या दुप्पट), दुधी, लाल भोपळा, मऊ इडली. घास वाटाण्याएवढा, आणि वीस-पंचवीसदा चावून. साधा भात मऊ असला तरी त्याचा गोळा बनतो, ताज्या पोळीचाही. दोन्ही आठव्या आठवड्यापर्यंत लांब ठेव. नंतरही पोळी तव्यावर थोडी कडक करून, वरणात कुस्करून. संत्र्याच्या पापुद्र्यासकट फोडी, शेवग्याचे धागे यांचा पोटात गुंता होतो, ते बराच काळ नको. ताटात काहीही असो, क्रम एकच: आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर पोळी-भात.

इंदूरच्या खाण्याबद्दल विचारलंस ते टाळत नाही. पोहे दोन महिन्यांनी, वाफवलेले, चार चमचे, वर शेव आणि जिरावण मसाला न घालता. पण पोहे म्हणजे जवळपास सगळा पिष्टच, म्हणून अंडं किंवा पनीर आधी. भुट्ट्याचा कीस तीन महिन्यांनी, दोन चमचे. गराडू कंद या हिवाळ्यात नको, तो तळलेला आणि वरचा मसाला जाळणारा, आणि नळीत दाब आधीच जास्त असल्याने आम्ल वर येतं. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजाराचं खरं संकट वेळेचं आहे. सराफांची दुकानं बंद झाल्यावर तिथे चुली पेटतात, आणि रात्री अकराला खाऊन झोपलीस तर आम्ल घशाशी येणार. झोपण्याआधी अडीच-तीन तास पोट रिकामं हवं. आपल्याकडची शिकंजी म्हणजे रबडी आणि सुका मेवा. जिलबी, श्रीखंड, आइस्क्रीम यांच्याच जातीची. हे सगळं नळीतून अलगद सरकतं, पोट भरतच नाही. वरणाच्या सहाव्या चमच्याला थांबणारी तू ग्लासभर शिकंजी पिऊन जाशील. वजन परत चढतं ते बहुतेक असंच, घोटाघोटाने आणि चिमूटचिमूट शेवेने.

मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत. घट मांड, कथा वाच, उपास मात्र या वर्षी नको. दिवसभर न पिता-खाता राहणं तुला झेपणार नाही, आणि साबुदाणा चिकट, प्रथिनं जवळजवळ शून्य. सासूबाईंना हे पटवायला जड जाईल, त्यांना हे पान वाचून दाखव.

गोळ्या. या आयुष्यभराच्या आहेत, वजन उतरलं तरी. मल्टिव्हिटॅमिन रोज. कॅल्शियम सायट्रेट १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५०० च्या वर शोषलं जात नाही म्हणून तीन वेळा. कार्बोनेट नको, त्याला आम्ल जास्त लागतं. डब्यावर ‘एलिमेंटल’, म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम, किती ते वाच. लोहाची गोळी कॅल्शियमपासून दोन तास लांब, आणि चहापासूनही तासभर. बी-१२ आणि डी-३ सर्जननी लिहून दिलेल्या प्रमाणात. तू मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतेस, त्यानेही बी-१२ कमी होतं, म्हणून ते चुकवूच नकोस. सर्वांत महत्त्वाचं थायमिन, म्हणजे बी-१. वारंवार उलट्या होत राहिल्या तर शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. मग एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी दवाखान्यात ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन द्यायला भाऊजींनी आठवण करून द्यायची. हे त्यांना आजच सांग.

साखर रोज सकाळी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोज, वहीत लिही. ती आता झपाट्याने उतरते. एखादा आकडा १८० आला म्हणून बंद केलेली साखरेची गोळी, ग्लिमेपिराइड, मनाने सुरू करू नकोस. ७० च्या खाली आली तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज थोड्या कोमट पाण्यात, घोट घोट, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज. रक्तदाबाची गोळीही कमी करावी लागू शकते. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, इबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल.

वजन आठवडाभर हललं नाही म्हणून घाबरलीस. तिसऱ्या आठवड्यात हे जवळपास सगळ्यांचं होतं. सुरुवातीला उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो, आणि शरीर ते थोडं परत धरून ठेवतं. काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी. तिसऱ्या महिन्यापासून केस मूठमूठ गळू शकतील. मुळं शाबूत असतात, प्रथिनं आणि लोह पुरेसं गेलं तर सहा ते नऊ महिन्यांत ते परत येतात. नुसत्या बायोटिनवर पैसे घालवू नकोस. शौचाला त्रास होत असेल तर इसबगोल स्वतःहून घेऊ नकोस, ते फुगतं आणि त्याला पाणी फार लागतं. डॉक्टरांकडून पातळ औषध घे.

आणि हे दारावर लावून ठेव: नाडी बसल्या बसल्या १२० च्या वर, ताप, पोटात वाढत जाणारी किंवा डाव्या खांद्यात उठणारी कळ, श्वास लागणं, एका पोटरीला सूज, काळी शौच, किंवा बारा तास पाण्याचा घोटही न टिकणं. यातलं एक जरी झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

तीन महिन्यांच्या रक्ततपासणीत फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी आणि पॅराथॉर्मोन (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) आहे का ते विचार, आणि पित्ताशयाच्या खड्यांसाठी उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड किती महिने घ्यायचं तेही. वजन वेगाने उतरताना खडे धरतात म्हणून ते साधारण सहा महिने देतात, तुझ्या चिठ्ठीत मला ते दिसलं नाही.

या आठवड्याची वही मला फोटो काढून पाठव. रोज किती पाणी, किती ग्रॅम प्रथिनं, कुठल्या घासाला उचकी आली, एवढंच लिही. त्यावरून डाळ वाढवायची की पनीर, ते ठरवू.

तुझीच,
सुषमा