कवितेसमोर माणूस उभा करणाऱ्या सरांना

प्रिय सर,

मंचावर कविता सादर करणाऱ्या आम्हा मुलांना तुम्ही नाटकाची तालीम दिलीत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे उघड पत्र.

तुमचा पहिला प्रश्न कायम एकच असायचा : ‘हे तू कोणाला सांगतेयस आणि त्याच्याकडून तुला काय हवंय?’ रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कीने नटाला भूमिकेचं उद्दिष्ट शोधायला लावलं, तुम्ही ते कवितेला लावलंत. आईवरच्या माझ्या कवितेत प्रत्येक ओळीच्या समासात एकेक क्रियापद लिहून घेतलंत. विनवणं, टोचणं, लपवणं. ‘दुःखी होणं’ लिहायला मात्र बंदी, कारण ते ठरवून करता येत नाही. लपवणं करता येतं. त्या ओळीला आवाज आपसूक खाली आला आणि ऐकणारे पुढे सरकून बसले. मला तर आजही हीच तुमची सर्वांत मोठी देणगी वाटते.

श्वासाचंही तसंच. कागदावर ओळ तुटते तिथे नव्हे, विचार वळतो तिथे श्वास. आणि वाक्याचं शेपूट गिळायचं नाही, कारण मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. तेच ऐकू आलं नाही तर कोणी काय केलं हे कळणार कसं?

मार्क स्मिथने शिकागोत १९८०च्या दशकात सुरू केलेल्या पोएट्री स्लॅममध्ये, म्हणजे कविता सादर करण्याच्या स्पर्धेत, साधारण ३ मिनिटं मिळतात. वेशभूषा नाही, हातात वस्तूही नाही. तुम्ही म्हणालात, नाट्यशास्त्रातल्या चार अभिनयांपैकी आहार्य, म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा अभिनय, इथे बाद. आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) यांवरच सगळी भिस्त. म्हणून हात शब्दाचं चित्र काढत बसले की तुम्ही थांबवायचात. ‘आभाळ’ म्हणताना वर बोट कशाला? नजर आधी जाऊ दे, शब्द मागून येईल.

रडू आलं तर ते अडवायला शिकवलंत. अडवणारा माणूस पाहताना प्रेक्षकांचा गळा दाटतो, हे मी समोर बसून इतरांच्या सादरीकरणात अनुभवलं आहे.

सर, हे सगळं तुम्ही स्वतःच्या तालमी सांभाळून, एक पैसा न घेता दिलंत. मनापासून आभार.

नवी कविता लिहून झाली आहे. तिच्यात दोन बहिणी बोलतात आणि मंचावर मी एकटीच. दोघींचे आवाज न बदलता त्या वेगळ्या कशा उभ्या करायच्या, हे विचारायला येतेय. वेळ द्याल ना?

तुमची विद्यार्थिनी