खारी झुडपं जाळण्याआधी राख मोजा

मा. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्री यांस,

स. न. वि. वि.

देशात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित आहे, त्यात गुजरात सर्वांत पुढे. तिथे खाऱ्या पाण्यावर तगणारी झुडपं लावून बायोमास, म्हणजे भट्टीत जाळायचा वनस्पतींचा माल, घ्यावा, हे मला मनापासून पटतं. पण साखर कारखान्याच्या बॉयलरवर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस म्हणून एक विनंती: हा माल नुसत्या टनावर विकत घेऊ नका.

आमच्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, राख दोन-चार टक्के. सॅलिकॉर्निया किंवा सुएडा या खाऱ्या जमिनीतल्या झाडांच्या रसाळ फांद्या वाळवून जाळल्या, तर वजनाचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, राखच उरते. त्यात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड भरलेलं. अशी राख भट्टीत लवकर वितळते, सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्यांवर काचेसारखी थापली जाते आणि तिच्याआडून क्लोरीन पोलाद खात राहतो. नळी फुटली की संच बंद. थारकडच्या लोकांना हा गुण जुना ठाऊक. लाणा जातीची झुडपं ते खड्ड्यात जाळत, ती राखेसाठीच! वितळून गोठलेली ती सज्जी, म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट, बिकानेरी पापडात पडते.

म्हणून ही झाडं टाकाऊ ठरत नाहीत. सॅलिकॉर्निया बिगेलोव्हीच्या बियांत तीसेक टक्के तेल असतं. अबुधाबीत पिकवलेल्या अशा बियांचं इंधन मिसळून जानेवारी २०१९ मध्ये एतिहादचं विमान ॲमस्टरडॅमला गेलं. कराचीच्या संशोधकांनी तपासलेल्या काही खाऱ्या गवतांत सेल्युलोज (ज्यातून साखर मिळते तो तंतू) २६ ते ३७ टक्के आणि लिग्निन (तंतूंना घट्ट बांधणारा घटक) १० टक्क्यांच्या आत निघालं. लिग्निन कमी म्हणजे साखर सोडवणं सोपं, तेव्हा ही गवतं इथेनॉलकडे जावीत. पीलू या वाळवंटी झाडाच्या बियांत लॉरिक आणि मिरिस्टिक आम्लं. तो साबणवाल्यांचा माल, भट्टीत घालणं हा करंटेपणा.

चिरून धुतलं की बरंचसं क्लोराइड निघून जातं, हे तुमचे सल्लागार सांगतीलच. वाळवंटात धुवायला पाणी कुठून आणणार, हेही त्यांना विचारा.

निविदेत जात, पान की खोड आणि कापणीचा हंगाम लिहायला लावा. प्रत्येक खेपेची राख व क्लोरीन तपासा आणि भाव राख वजा करून द्या. लागवडही आधी तुकड्या-तुकड्याने करा; कच्छच्या बन्नीत खारटपणा रोखायला आणलेल्या गांडा बावळने (विलायती बाभळीने) गवताळ रानं गिळली, ती अजून सुटलेली नाहीत.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अभियंता