विषय: वडिलांच्या पायाच्या ड्रेसिंगमधला हलगर्जीपणा

प्रति, व्यवस्थापक,

आज दुपारी तुमच्या सुपरवायझर बाईंशी चौथ्यांदा बोललो. आता फोन नाही, लेखीच देतो.

बाबांना मधुमेह आहे. उजव्या तळपायाची जखम चिघळली आहे, पू येतो. घरी येऊन रोज ड्रेसिंग करण्याचे महिन्याचे पैसे तुम्ही आगाऊ घेतलेत. सोमवारी आलेल्या ब्रदरने हात न धुताच ग्लोव्हज चढवले. जुनी पट्टी सोडताना मोबाइल वाजला, तो खिशातून काढून बंद केला आणि त्याच ग्लोव्हजने नवं गॉज जखमेवर ठेवलं. पट्टी काढली की ते ग्लोव्हज टाकायचे, हात पुन्हा धुवायचे, निर्जंतुक जोड घालायचा, हे तुम्हाला मी सांगायचं? आतलं गॉज सुकून चिकटलं होतं. सलाईनने भिजवून सोडवायला दोन मिनिटं लागली असती. त्याने ते ओढलं. जखम भरताना नव्याने धरलेली मांसाची लाल साय त्याच्याबरोबर निघाली, रक्ताची धार टाचेवरून चादरीवर आली. बाबा पेपर वाचत होते. त्यांना पत्ताच नाही.

हे सगळं सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "पेशंट तर काही बोलले नाहीत, मग तुम्हालाच का एवढा त्रास होतोय?" मी म्हटलं, मधुमेहाने त्यांच्या पायाची संवेदना गेलीय. त्यावर उत्तर काय, तर "म्हणजे दुखलं नाही ना? मग झालं तर!" आणि मागे कोणीतरी हसलं. अहो, दुखत नाही म्हणूनच ती जखम इतकी वाढली! खडा टोचलेला त्यांना आठ दिवस कळला नव्हता. ज्याला स्वतःला कळत नाही, त्याच्यासाठी बघणारं माणूस हवं म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुमच्याकडे मधुमेहाचे पेशंट रोज असतील, आणि सुपरवायझरला एवढंही माहीत नाही?

पू लागलेलं गॉज दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जायला हवं, ते आमच्या स्वयंपाकघराच्या डब्यात सापडलं. आणि हात धुतले नाहीत, हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर चारही वेळा त्याला बगल दिली गेली.

काल घोट्यापर्यंत लाली चढली, रात्री ताप आला. सर्जनने आज अँटिबायोटिक बदललं. बोट गमवावं लागलं तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, चादरीचा फोटो ठेवला आहे.

शेजारच्या काकूंना मीच तुमचं नाव सुचवलं होतं. त्यांना आज नको म्हणून सांगितलं.

उद्या सकाळी नऊला ड्रेसिंग आहे. अनुभवी सिस्टर पाठवा, नाहीतर उरलेले पैसे परत करा. तो ब्रदर दारात आला तर आत घेणार नाही.