प्रबंधांपलीकडचा ठेवा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

विषय : विदर्भातील विद्यापीठे व महाविद्यालयांकडील विविध संग्रहांचे डिजिटल जतन

महोदय,

विद्यापीठाचा डिजिटल संग्रह म्हणजे पीएच.डी.चे प्रबंध, फार तर जोडीला जुन्या प्रश्नपत्रिका, असा अर्थ आपल्या विभागाच्या कागदपत्रांत आणि महाविद्यालयांच्या अहवालांत गेल्या काही वर्षांत पक्का होऊन बसला आहे. उभी नोकरी विदर्भातल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत केलेल्या माणसाला हा अर्थ फार तोकडा वाटतो आणि त्याच्या तोकडेपणामुळे होणारे नुकसान भरून न येणारे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला जाहीरपणे लिहीत आहे.

प्रबंधांच्या बाबतीत झालेले काम मोठे आहे, हे आधीच नोंदवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने 'शोधगंगा' हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह उभा केला आणि पूर्वी ज्या प्रबंधासाठी संशोधकाला परगावी मुक्काम करावा लागे, तो आज गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याला मोबाइलवर वाचता येतो. हे शक्य झाले, कारण नियम स्पष्ट होता, जबाबदारी कोणाची ते ठरलेले होते आणि पदवी मिळण्याशी त्याची सांगड घातलेली होती. प्रबंधाखेरीज विद्यापीठांत जे काही साठते, त्याच्या वाट्याला यांपैकी एकही गोष्ट आलेली नाही.

जगातल्या विद्यापीठांनी आपल्या डिजिटल संग्रहांत काय काय सांभाळले आहे, ते पाहिले की आपण किती थोड्यावर समाधान मानतो ते कळते. केंब्रिज विद्यापीठाच्या संग्रहात न्यूटनच्या वह्यांची पाने खाडाखोडीसकट पाहता येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवरचे हजारो ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी खुले केले आहे. भौतिकशास्त्रज्ञांचे छापण्यापूर्वीचे शोधनिबंध १९९१ पासून 'अर्काइव्ह' या संग्रहात जमा होत आहेत आणि २००१ पासून तो कॉर्नेल विद्यापीठाच्या आश्रयाने वाढला. ब्रिटिश अधिकारी व भाषाभ्यासक जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर हिंदुस्थानातल्या कितीतरी भाषा आणि बोली मुद्रित झाल्या. उधळ्या मुलाची बायबलमधली गोष्ट प्रत्येक भाषकाने आपापल्या बोलीत सांगितलेली त्यांत आहे. हे आवाज आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आपण सगळे जिथे चाळतो, ते संकेतस्थळही याच विद्यापीठाचे आहे. आपल्या भाषेचे कोश दुसऱ्या खंडातल्या विद्यापीठाने इतक्या निगुतीने ठेवावेत, याबद्दल त्यांचे ऋण मानायचेच; पण मराठी माणसाला ते वाचताना थोडे ओशाळल्यासारखेही होते.

यावर पैशाचे कारण पुढे केले जाते. पण पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपली जुनी, दुर्मिळ पुस्तके आणि अहवाल स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले आहेत, आणि मध्य प्रांतावर काम करणाऱ्या नागपूरच्या संशोधकालाही अनेकदा तिथेच जावे लागते. एका संस्थेच्या ग्रंथालयाला जे जमले, ते शताब्दी पूर्ण केलेल्या विद्यापीठाच्या नगरीला अशक्य नाही.

नागपूरकडे सांभाळण्याजोगे काय आहे, हे आता थोडे विस्ताराने सांगतो, कारण मंत्रालयातून ते दिसत नाही. हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि पुढे १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी होते. राजधानी गेली, काही दप्तरे भोपाळला गेली, काही मुंबईला. पण राजधानीच्या आधाराने वाढलेली महाविद्यालये, छापखाने, विद्वत्मंडळे आणि त्यांचे कागद इथेच राहिले. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चे, नागपूर विद्यापीठ १९२३ चे, लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ ची. अशा वयाच्या संस्थांच्या कपाटांत इतिहास आपसूक साठत जातो.

पुरातत्त्वाचे उदाहरण घ्या. नागपूरच्या परिसरात जुनापाणीपासून माहुरझरीपर्यंत महापाषाणयुगीन शिलावर्तुळे पसरलेली आहेत. नागपूर विद्यापीठाने डॉ. शां. भा. देव यांच्या काळात टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे उत्खनने केली आणि १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणासोबत पवनीचा स्तूप उजेडात आणला. माहुरझरीच्या दफनांत घोड्याच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार सापडले, हे छापील अहवालात वाचायला मिळते. परंतु छापील अहवाल ही उत्खननाची शेवटची पायरी असते. तिच्याआधी रोजची नोंदवही असते, आलेख-कागदावर पेन्सिलीने काढलेले खड्ड्याच्या बाजूचे छेदचित्र असते, प्रत्येक खापराचा क्रमांक लिहिलेले रजिस्टर असते आणि छायाचित्रांच्या निगेटिव्ह असतात. उत्खनन एकदाच होते. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. पन्नास वर्षांनी एखाद्याला जुना निष्कर्ष तपासून पाहायचा असेल, तर त्याच्या हाती फक्त हे कच्चे कागद असतात. अशा नोंदवह्यांचे काय करायचे, हे सांगणारा एकही नियम माझ्या पाहण्यात आलेला नाही. प्राध्यापक निवृत्त झाले की खोली रिकामी करावी लागते, आणि वह्या एकतर त्यांच्या घरी जातात किंवा जिन्याखाली.

दुसरा ठेवा महानुभावांच्या पोथ्यांचा. डॉ. वि. भि. कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि त्यांनी आयुष्यभर जे संपादन केले, ते विदर्भातल्या मठांमठांतून पोथ्या मिळवून, पाठ ताडून केले. या पोथ्यांपैकी कितीतरी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत आहेत. त्यांचे छायाचित्र काढणे यंत्राला जमते. पण पोथी कोणती, कोणत्या परंपरेतली, तिच्या समासातली नोंद कोणाच्या हातची, हे लिपी जाणणारा माणूस शेजारी बसल्याशिवाय लिहिता येत नाही. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. हे काम तिथे आणि नागपूरला मिळून व्हावे, हे उघड आहे. मात्र पोथ्या मठांकडून मागू नयेत. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त संग्रहांसाठीच्या योजनेत मूळ कागद देशाबाहेर नेला जात नाही, केवळ प्रतिमा घेतल्या जातात. तीच पद्धत इथे हवी, म्हणजे देणाऱ्याचा विश्वास टिकेल.

तिसरा ठेवा सर्वांत नाजूक आहे, कारण तो मुळात टिकण्यासाठी छापलेलाच नव्हता. दलित चळवळीतले नेते किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० पासून या शहरातून 'निराश्रित हिंद नागरिक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी पत्रे काढली. जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली आणि तिला स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर या शहरात पुस्तिका, गाण्यांची चोपडी, जलशांची पत्रके यांचा पूर आला. न्यूजप्रिंटवर छापलेली, पिना गंजलेली, घडीवर फाटलेली ही पत्रके घरोघरच्या ट्रंकांत आहेत आणि काही महाविद्यालयांत 'विविध' असे लिहिलेल्या खोक्यांत आहेत. त्यांना दाखल क्रमांक नाही, त्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाहीत, आणि हरवली तरी कोणाला खुलासा द्यावा लागत नाही. मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्यांवरचे फलक, भुलाबाईची गाणी, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या दंडार या लोकनाट्याची हस्तलिखिते, यांना तर खोकेही लाभलेले नाही. मराठी आणि लोकसाहित्याच्या प्राध्यापकांनी क्षेत्रकार्यात कॅसेटवर मुद्रित केलेली गाणी नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे पत्र्याच्या कपाटात तापत पडली आहेत. महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या अभ्यासकांनी गोळा केल्या आणि त्या आज डिजिटल रूपात उपलब्ध आहेत, ही गोष्ट आपल्याच राज्यात घडलेली आहे. ती पुन्हा घडू शकते.

आता स्कॅनिंगविषयी. आपल्या विभागात कोणी म्हणेल की महाविद्यालयांनी डिजिटायझेशन केव्हाच केले आहे. मी ज्या एका महाविद्यालयातले असे काम जवळून पाहिले, तिथे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याआधी प्रति पान दराने कंत्राट दिले गेले. कंत्राटदाराच्या मुलांनी बांधीव वार्षिकांक मशीनवर दाबून भराभर पाने काढली. शिलाईकडच्या ओळी काळ्या पट्टीत गेल्या, काही पानांवर अंगठा आला, उभ्या घडीतला नकाशा अर्धाच निघाला. फायलींना नावे म्हणून अनुक्रमांक दिले गेले, म्हणजे कोणत्या वर्षाचा अंक कोणता हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. सगळे डीव्हीडींवर भरून प्राचार्यांच्या कपाटात ठेवले गेले आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला. त्यानंतर जागा हवी म्हणून मूळ अंकांचे निर्लेखन करून, म्हणजे नोंदीतून ते रीतसर कमी करून, ते रद्दीत देण्यात आले. आज त्या डीव्हीडींपैकी निम्म्या उघडत नाहीत. संस्थेचे नाव घेत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नाही. मूल्यांकनात पानांची संख्या विचारली जाते, पान वाचता येते का हे विचारले जात नाही.

कायद्याची अडचणही बहुधा ऐकीव असते. प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक, बिगरव्यापारी ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या छापील प्रतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिलेली आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली की साहित्य खुले होते. बनसोडे १९४६ मध्ये निवर्तले, म्हणजे त्यांचे लेखन केव्हाच सर्वांचे झाले आहे. लिपीचे कारणही आता उरलेले नाही. मोडीला २०१४ मध्ये आणि मुन्शी मंगलसिंह मसराम यांच्या गोंडी लिपीला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. तरीही आपल्या संग्रहांतल्या नोंदी फक्त इंग्रजीत होतात आणि मराठीत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जिथे खरोखर काळजी घ्यायला हवी ते क्षेत्र वेगळे आहे : आदिवासींची विधिगीते, जिवंत माणसांच्या मुलाखती. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांनी २००३ पासून चालवलेल्या 'पॅराडिसेक' या ध्वनिसंग्रहात कोणते मुद्रण कोणी ऐकावे याच्या अटी ठरवता येतात. तशी तजवीज पहिल्या दिवसापासून करावी लागेल.

उशीर केल्यास काय होते, तेही समोर आहे. केपटाऊन विद्यापीठाच्या जॅगर ग्रंथालयाला १८ एप्रिल २०२१ रोजी डोंगरावरच्या वणव्याने गाठले आणि आफ्रिकाविषयक संग्रहाचा मोठा भाग जळाला. आपल्याकडे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले. नागपुरात जुने कागद बहुतेक करून तळमजल्यावरच असतात, कारण वर वर्ग भरतात.

म्हणून आपल्याकडे मागणे आहे, आणि ते एखाद्या भव्य इमारतीचे नाही. इमारतीचे भूमिपूजन लवकर होते आणि आत बसायला माणूस नसतो, हा अनुभव आम्हाला पुरेसा आहे. सर्वप्रथम एक परिपत्रक काढावे : १९६० पूर्वीचे कोणतेही पुस्तक, नियतकालिक, हस्तलिखित वा खोके विद्यापीठाच्या ज्ञान स्रोत केंद्राने, म्हणजे ग्रंथालयाने, पाहणी करून लेखी संमती दिल्याशिवाय निर्लेखित करू नये, आणि स्कॅन झाले हे निर्लेखनाचे कारण मानू नये. याला एक रुपयाही लागत नाही. त्यानंतर महाविद्यालयीन ग्रंथपालांची रिक्त पदे भरावीत, कारण नोंद करणारा नसेल तर उत्तम कॅमेराही निरुपयोगी आहे. आणि नागपूरच्या ज्ञान स्रोत केंद्रात मोडी, सकळ लिपी व गोंडी जाणणाऱ्यांसाठी कायम पदे निर्माण करावीत, तासिका तत्त्वावरची नव्हेत. प्रत्येक फाइलची एक प्रत नागपूरबाहेर, दुसऱ्या विद्यापीठाकडे राहावी. संशोधन प्रकल्पाला निधी देतानाच क्षेत्रकार्याच्या नोंदी आणि मुद्रणे जमा करण्याची अट घालावी, जशी प्रबंधाला आहे.

यातली एक गाठ मात्र आपल्यालाच सोडवावी लागेल. ग्रंथालय संचालनालय आपल्याकडे आहे, पुराभिलेख सांस्कृतिक कार्य विभागाकडे आणि राज्य मराठी विकास संस्था मराठी भाषा विभागाकडे. एकाच मोडी कागदासाठी तीन विभागांची तीन दारे ठोठावताना संशोधक थकतो आणि कागद तिथेच राहतो. येत्या हिवाळी अधिवेशनात तिन्ही विभागांच्या सचिवांची एक बैठक नागपुरातच, विद्यापीठाच्या ग्रंथालयात लावावी, आणि बैठकीआधी सर्वांनी कोणत्याही एका जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन तिथले 'विविध' लिहिलेले एक खोके उघडून पाहावे. कोणत्या महाविद्यालयात कोणत्या कपाटावर ते मिळेल, त्याची यादी मी आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल
नागपूर