रायफल म्हणून विकलेल्या गुळगुळीत नळीच्या प्रतिकृतीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: 'पॅटर्न १८५३ एनफिल्ड रायफल' ही प्रतिकृती जाहिरातीप्रमाणे नसल्याबाबत व पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

तुमच्याकडून मागवलेली एनफिल्डची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लष्करी रायफलची, प्रतिकृती मिळाली. पेटी उघडून आधी नळीच्या तोंडात टॉर्च मारला, तर आतून नळी पाण्याच्या पाइपासारखी गुळगुळीत! जाहिरातीत 'मूळ मापाची, आत तीन पेच असलेली नळी' असे स्वच्छ लिहिले होते. पेच म्हणजे नळीत आतून कोरलेल्या पिळदार खाचा. त्याच ओळीवर विसंबून मी पैसे भरले.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, "या किमतीत अशीच येते. भिंतीवर टांगायच्या वस्तूला पेच कशाला हवेत?" हे उत्तर मला मान्य नाही. मूळ बंदुकीची नळी ३९ इंच लांब, आतला व्यास ०.५७७ इंच आणि आत तीन उथळ पेच. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, त्यामुळे ठासताना गजाने सहज खाली जायची. बार उडाला की तिचे पोकळ बूड फुगून पेचांत घट्ट बसायचे आणि गोळी गरगरत बाहेर पडायची. ठासणीची असूनही ही बंदूक शेकडो यार्डांवर नेम साधायची, ते एवढ्याचसाठी. हे सगळे समोर धरून दाखवता यावे म्हणूनच मला प्रतिकृती हवी होती.

स्वस्तात काय मिळते याची मला कल्पना आहे. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल या बंदूक कंपनीने १९७० च्या दशकात मूळ गेज (मापे तपासायची साधने) वापरून केलेल्या प्रतिकृती माझ्या ऐपतीबाहेरच्या आहेत. म्हणून अक्रोडाऐवजी दुसरे लाकूड चालेल, बार उडत नसला तरी चालेल, असे ठरवूनच मी तुमच्याकडे आलो. या दोन्ही गोष्टी तुम्ही जाहिरातीत सांगितल्या होत्या, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पेच नाहीत हेही तसेच सांगायला काय हरकत होती?

आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती रायफल द्यायचे टाळले. त्यांच्यासाठी १८५८ मध्ये दिसायला हुबेहूब एनफिल्डसारखी, पण पेच नसलेली, सुमारे ०.६५ इंच व्यासाची मस्केट काढली. नेम धरायची शिडीसारखी वर उभी राहणारी पट्टीही तिच्यावर नव्हती. लांबचा नेम शिपायाला साधताच येऊ नये, हा सरळ हिशेब होता. तुम्ही गुळगुळीत नळीची प्रतिकृती त्या मस्केटच्या नावाने विकली असती, तर मी ती आनंदाने घेतली असती. आपल्या दृष्टीने तिचे मोल कमी नाही. पण तुमच्या वस्तूवर पट्टी रायफलची आणि नळी मस्केटची. म्हणजे ती धड ना ही, धड ना ती. कोणासमोर ठेवून काय सांगायचे?

लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या घोड्याच्या यंत्रणेच्या, पत्र्यावर मुकुटाखाली १८५३ कोरले आहे, तेही चूक आहे. ते साल नमुन्याचे. मूळ लॉकवर ती बंदूक प्रत्यक्ष तयार झाली ते साल असते. दस्त्याचा रंग हाताला लागतो, पण तो मी पुसून घेईन. त्यासाठी पत्र लिहिले नसते.

माझी मागणी अशी: जाहिरातीप्रमाणे पेच असलेली प्रतिकृती पाठवावी, नाहीतर वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. 'शोभेच्या वस्तू परत घेतल्या जात नाहीत' ही अट इथे लागू होत नाही, कारण मी मागवलेली वस्तू तुम्ही पाठवलेलीच नाही. पेटी आणि वेष्टन जसेच्या तसे ठेवले आहे. नळीच्या तोंडाचे, नेमाच्या पट्टीचे व लॉकचे फोटो आणि जाहिरातीची प्रत सोबत जोडली आहे.

जाहिरातीतली ती ओळही आजच बदला. पै-पै साठवून अशी वस्तू घेणारे बहुतेक जण नळीत टॉर्च मारून पाहत नाहीत, ते तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागेन.

आपला,
एक ग्राहक