अण्णा, तुम्ही पैसे परत घेतलेत म्हणून

आदरणीय अण्णा,

परवा शोकसभेत एकामागून एक माणसं उठत होती. कुणाच्या लेकीचं लग्न तुम्ही पार पाडलंत, कुणाचं दवाखान्याचं बिल भरलंत, व्यापारी आणि माल तोलणाऱ्या तोलाईदारांचा तंटा किती वेळा रात्री बसून मिटवलात. मी मागच्या रांगेत माझ्या वडिलांचा, आबांचा हात धरून बसले होते. बोलायचं होतं, पण आवाज फुटेना. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

तुम्ही आमच्याकडून पैसे परत घेतलेत, अगदी पै न पै. त्याचे आभार मानायचे राहिलेत.

2006 चा जून होता. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात बी.एस्सी.ला माझा नंबर लागला होता आणि घरात फीला पैसे नव्हते. मार्केट यार्डातल्या हमालाच्या घरी जून असाच येतो. राजापुरी हळदीचे सौदे उन्हाळ्यात भरात असतात, तेव्हा आबांचा सदरा, मान, पापण्यासुद्धा पिवळ्या होऊन यायच्या. पावसाळा तोंडावर आला की आवक आटते. मजुरी पोत्यामागे, त्यामुळे पोतं नाही तर पैसा नाही. शाळा-कॉलेजच्या फिया मात्र नेमक्या त्याच महिन्यात.

आबा तुमच्या अडतीच्या दुकानाच्या उंबऱ्याशी उभे राहिले, मी त्यांच्या मागे. तुम्ही गादीवरून विचारलंत, "किती लागत्यात?" आबांनी आकडा सांगितला. तुम्ही दिवाणजींना वही काढायला लावलीत. "पोरीच्या नावानं लिहा. व्याज न्हाई. पण फेडायचं, काय?" शेवटचं तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात. मी सतरा वर्षांची. खरं सांगते, तेव्हा राग आला होता. एवढा मोठा अडत्या, हमालाच्या पोरीची फी तशीच दिली असती तर काय बिघडलं असतं?

पुढच्या हंगामापासून आबा दर शनिवारी शंभर रुपये नेऊन द्यायचे. कधी पन्नास. तुम्ही ते मोजून घ्यायचा आणि आबांच्या समोर वहीत मांडायचा. एका शनिवारी आबा गेले नाहीत, तर सोमवारी तुम्ही विचारलंत, "तब्येत बरी हाय न्हवं?" पैशाचा शब्द नाही.

त्याच काळात एका नातेवाइकानं आम्हाला थोडी मदत केली होती. परत नको म्हणाले. मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ती मदत चारचौघांत निघायची आणि आबा जेवणाच्या पंगतीतून लवकर उठायचे. तुमच्या दुकानात मात्र आबा लक्ष्मीपूजनाला पुढं बसायचे, वहीच्या शेजारी. हा फरक कळायला मला बरीच वर्षं लागली.

आबांची कंबर गेली तेव्हा राहिलेलं देणं माझ्या पगारातून फेडलं. शेवटचा हप्ता घेऊन मी आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल का, माहीत नाही. तुम्ही नोटा मोजल्यात, खात्यावर आडवी रेघ ओढलीत, चहा मागवलात आणि म्हणालात, "आता वर ये. गादीवर बस." त्या दुकानात मी पहिल्यांदा बसले ती त्या दिवशी.

2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. गणपती पेठेत तुमचं स्वतःचं घर बुडालेलं, आणि तुम्ही यार्डाकडे गोदाम उघडून माणसांची सोय लावत होतात. धान्याच्या पिशव्या वाटताना एक पोरगा फोटो काढायला लागला. तुम्ही त्याचा मोबाइल घेऊन स्वतःच्या खिशात टाकलात. वाटप संपल्यावर दिलात. मी तिथं होते, अण्णा. मला शनिवारचे शंभर रुपये आठवले.

आता मला बोचतंय ते वेगळंच. शोकसभेनंतर दिवाणजींनी सांगितलं की 2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं तेव्हा तुमचीही हळद त्यात होती. जमिनीत खोल खणलेलं, तोंड मातीनं बंद केलेलं पेव, त्यात हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकते. पण एकदा का आत पाणी गेलं, की हाती नुसता कुजलेला चिखल. आमच्या फीचे पैसे तुम्ही दिलेत ते त्याच्या पुढच्याच वर्षी. स्वतः कर्जात असताना. तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

दिवाणजींनी ती जुनी वहीही काढून दाखवली. कागद पिवळा पडलाय, कडेला हळदीची बोटं उमटलीत, ती आबांची असतील. "पान काढून देऊ का? आठवण म्हणून ठेवा," दिवाणजी म्हणाले. मी हात पुढं केला होता. आबांनी तो मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "अण्णांच्या वहीतच ऱ्हाऊ द्या."

तुमची,
तुमच्या हमालाची लेक
सांगली