महागाई शून्यावर, मग आमचं बजेट का हलतंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर २०२५ चा महागाईचा दर ०.२५ टक्के आला आणि आपल्या पेपरात मोठ्या अक्षरात 'महागाई जवळपास शून्यावर' असं छापून आलं, तेव्हापासून आमच्याकडे रोज वाद चाललेत. मी घरखर्चाला हजार रुपये वाढवून मागितले तर आमचे हे पेपर समोर धरतात, म्हणे वाढवायचे कशाला, महागाईच नाहीये.

आता आकडा खोटा नाही, हे आधीच सांगते. मी बारावीला इकॉनॉमिक्स घेतलं होतं आणि घरखर्चाची वही गेली पंचवीस वर्षं लिहितेय. वहीत मागच्या वर्षी ऑक्टोबरात टोमॅटो ८० रुपये किलो आहेत आणि यंदा ४०, म्हणजे स्वस्त झाले हे खरंच. पण नारळ ३५ चा ५५ झालाय त्याचं काय. आणि भाजीचं गणित तर बघाच, सरकारी आकड्यातच ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये साधारण साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे १०० ची भाजी १४२ ला गेली आणि तिथून १०३ वर आली. दोन वर्षांपूर्वीपेक्षा तीन रुपये जास्तच की! दर शून्य म्हणजे भाव शून्यावर नाही आले, मागच्या ऑक्टोबरच्या मानाने वाढले नाहीत इतकंच. २०१२ चा भाव १०० धरला तर ऑक्टोबर २०२५ ला इंडेक्स, म्हणजे सगळ्या भावांचा मिळून एक आकडा, १९७ च्या आसपास होता, हे कोण छापतं?

शिवाय ज्या वस्तूंच्या भावांवरून हा दर काढतात ती टोपली सगळ्या देशाची. तेव्हाच्या टोपलीत घरभाडं वगैरेला जेमतेम १० टक्के वाटा होता, कारण खेड्यातलं भाडं त्यात धरलेलंच नव्हतं. नुसत्या शहरांचा इंडेक्स घेतला तर ते २१ टक्क्यांच्या वर जायचं. आणि लालबाग-परळला भाड्याने राहणाऱ्याला विचारा, पगारातले किती जातात ते.

माझे वडील गिरणीत होते, त्यांच्या पगारातला महागाई भत्ता मुंबईच्या कामगारांसाठीच्या अशाच इंडेक्सवर ठरायचा त्यामुळे चाळीत सगळ्यांना तो आकडा तोंडपाठ. १९६३ ला इंडेक्स बाजारातले भाव दाखवत नाही म्हणून कामगार रस्त्यावर उतरले, शेवटी सरकारने अर्थतज्ज्ञ प्रा. लकडावालांची समिती नेमली आणि समितीला इंडेक्समध्ये खरंच चुका सापडल्या. बाबा म्हणायचे, गिरणीतला शिपाईसुद्धा तेव्हा 'बेस इयर' (ज्या वर्षाचे भाव १०० धरतात ते) शब्द वापरायचा. आता ग्रॅज्युएट लोक वापरत नाहीत.

बेरोजगारीचंही तसंच. आमच्या दिराचा मुलगा बी.कॉम. होऊन घरी आहे, संध्याकाळी घरातल्याच काकाच्या वडापावच्या गाडीवर तासभर बसतो, पैसे काही मिळत नाहीत. पण महिन्याचा जो दर येतो त्यात मागच्या सात दिवसांत एक तास काम केलं तरी तो कामावर आहे असं धरतात, घरच्या धंद्यात फुकट मदत केली तरीसुद्धा. म्हणजे आमचं पोरगं सरकारदरबारी कमावतं झालंय! त्या गाडीवरचा वडापाव जीडीपीत, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनात, येतो (बटाटा-बेसन परत वेगळं मोजत नाहीत, शेवटची किंमतच धरतात, ते बरोबर आहे), मी घरी तळलेले वडे मात्र कुठेच नाहीत. असो.

एवढंच मागणं की दराच्या शेजारी इंडेक्सचा आकडा छापा आणि कोणाला बेरोजगार धरलंय ते एका ओळीत सांगा. आणि हेडिंगमध्ये 'महागाई' न लिहिता 'महागाईचा दर' लिहा, चार अक्षरं जास्त गेली तरी चालतील, माझे हजार रुपये अडकलेत.

— एक वाचक, लालबाग